तंबोरेवाली मुखपृष्ठावर नसते

बाई, परवा बडोद्यातल्या अलकापुरीत एका संगणकवाल्या बेननं मला विचारलं, "सर, आ दादा तो अंदरनी बाजू जुए छे. फ्लिप करी दउं?" दादा आतल्या बाजूला बघतायत, उलटवून घेऊ का, असं. त्यावर मी एवढ्या मोठ्यानं "नाही" म्हणालो, की शेजारच्या टेबलावर लग्नपत्रिका पसंत करत बसलेलं अख्खं कुटुंब वळून माझ्याकडे बघायला लागलं. बेन समजूतदार आहे. पन्नाशीची आहे, माझ्यासारखी माणसं तिनं पाहिलेली आहेत. तिनं माऊसवरचा हात काढला आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. समोर पडद्यावर तुमचे बुवा होते. रामनवमीच्या उत्सवातले, उघड्या अंगाचे, सोवळं नेसलेले, जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीत उतरलेलं, आणि डावीकडे, म्हणजे अंकाच्या पिनांकडे, बघत गाणारे. त्यांच्या मागे तंबोरा घेऊन तुम्ही. वय असेल पंचविसेक.

कारण सांगतो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि तुमच्या फतेगंजातल्या शिष्यांनी ठरवलंय, की आपल्या बंद पडलेल्या मासिकाचा एक अंक पुन्हा काढायचा, तुमच्यावर. मुखपृष्ठ मी करावं असं एकमतानं ठरलं. त्यात माझ्या गुणवत्तेचा काही संबंध नव्हता, जुन्यांपैकी मी एकटाच उरलोय एवढंच. मग तुमचा फोटो शोधायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की तो नाहीच. सगळा जन्म दुसऱ्यांचे चेहरे मुखपृष्ठावर बसवण्यात गेला तुमचा. मतदार ओळखपत्रावरचा तेवढा एक आहे, त्यात तुम्ही पकडून आणल्यासारख्या दिसता. तो बघून तुमची एक शिष्या म्हणाली, "बाई अशा नव्हत्या हो." मी म्हणालो, चुकलेल्या तानेनंतर अशाच असायच्या. कुणी हसलं नाही. हल्ली माझ्या विनोदांना बडोद्यात फारसं गिऱ्हाईक उरलेलं नाही. घरी तर मी एकटाच, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतः हसायचं नाही, हा नियमही तुम्हीच घालून दिलेला.

तुमचे नियम मला अजून पाठ आहेत. संस्कृतात एम.ए. केलेल्या माणसाला त्या काळी दोन वाटा होत्या, शाळेत शब्दरूपं घोकून घेणं किंवा सत्यनारायण सांगणं. तिसरी तुम्ही काढलीत. दांडिया बाजारात भांड्यांच्या दुकानावर एक खोली, खाली पितळेवर ठोकाठोक आणि वर तुमचं संगीताचं मासिक, जवळजवळ सगळं मराठी आणि चार पानं गुजराती. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवून निवृत्त झालेल्या तुम्ही खिडकीशी, कोपऱ्यात खोळ घातलेला तंबोरा, आणि दारात मी, मुद्रितं तपासायला आलेला. नाव विचारण्याआधीच तुम्ही मला शास्त्री म्हणालात आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलात. चहात साखर घालायचा तुमचा हात एव्हाना पुरता गुजराती झाला होता. मी पहिला घोट घेऊन थबकलो, तर तुम्ही म्हणालात, "इथे राहायचं असेल तर सवय कर, शास्त्री. बडोद्यात कडू फक्त समीक्षक असतो."

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला मुखपृष्ठाचं शास्त्र शिकवायला घेतलंत, आणि खरं सांगतो, मीमांसेचे गुरुजी परवडले असं मला झालं. मासिकाच्या नावाला कुणाचं डोकं लागता कामा नये. स्टेशनसमोरच्या स्टॉलवरची सिनेमासिकं तेव्हा गुळगुळीत कागदावर निघायला लागली होती, त्यांत नटीचं डोकं नावाच्या निम्म्या अक्षरांवर चढून बसलेलं असायचं. तुम्ही म्हणायच्यात, "गाणारा मोठा असेल, पण छपराला डोकं आपटून घरात येऊ नये." स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून ठेवतात, डावीकडची पट्टीच तेवढी दिसते, म्हणून सगळी दुनिया तिथे लेखांची नावं कोंबते. तुम्हाला ते मान्य नव्हतं. मुखपृष्ठ म्हणजे खानावळीची पाटी नव्हे, आत काय शिजलंय ते आत आल्यावर कळेल. गवयाचा तोंड वासलेला फोटो घ्यायचा नाही, तो दंतवैद्याकडे बसल्यासारखा दिसतो. कुणीतरी तुम्हाला एक विलायती मासिक आणून दिलं होतं, गिटारवाल्या, केसाळ, घामेजलेल्या माणसाचं. चष्मा कपाळावर चढवून तुम्ही ते बराच वेळ बघितलंत आणि मला विचारलंत, "हा गातोय की चावतोय?" पण ते मासिक फेकलं नाहीत. त्याचा चेहरा कुठल्या बाजूला वळलाय ते तुम्ही बघून ठेवलं होतंत.

कारण तो सगळ्यात मोठा नियम. मुखपृष्ठावरच्या माणसानं अंक उघडतो त्या बाजूला बघावं, उजवीकडे. वाचकाला आत बोलावल्यासारखं. डावीकडे बघितलं तर तो पिना मोजत बसलाय असं वाटतं. आणि फोटो नेमका डावीकडचा असला तर? तर उलटवून घ्यायचा, आरशात दिसतो तसा. मात्र वाजवणाऱ्याला उलटवायचं नाही, कारण उजव्या हाताचा माणूस डावरा होतो, तबल्याची जागा डग्गा घेतो, आणि बडोद्यातला प्रत्येक तबलजी पोस्टकार्ड टाकतो. गाणाऱ्याला उलटवलेलं चालतं. गाणाऱ्याच्या हातात काय असतं? तुमचंच वाक्य आहे हे, बाई. मी वहीत लिहून घेतलं होतं. त्याच्याच खाली शेवटचा नियम आहे, तंबोरेवाली मुखपृष्ठावर नसते. साथीला बसलेल्याला कापायचं, चौकटीत एकच माणूस राहू द्यायचा.

बुवांचं मला हळूहळू कळलं. पंचवीस वर्षं तुम्ही त्यांच्यामागे तंबोऱ्याला बसलात, त्यांच्याकडे शिकलात, आणि मासिकाच्या दुसऱ्याच अंकात त्यांच्या घराण्यातल्या एका चिजेचं स्वरलेखन छापलंत. तुमच्या मते विद्या वाटल्यानं वाढते. त्यांच्या मते तुम्ही देवघरातली मूर्ती बाजारात नेऊन ठेवलीत. त्यांनी तुम्हाला काही बोलून दाखवलं नाही, पुढच्या उत्सवाला तंबोऱ्यावर दुसऱ्या कुणाला तरी बसवलं, एवढंच. मी आलो तेव्हा त्या अबोल्याला अकरा वर्षं झाली होती. दोघांची घरं एकाच बाजारात, मंदिर एक, भाजीवालीसुद्धा एक. भाजीवाली तुम्हाला सांगायची, दादानं आज दुधी नेला. तुम्ही म्हणायच्यात, "नेऊ दे," आणि मग तुम्हीही दुधीच घ्यायच्यात.

ते पंचाहत्तर वर्षांचे होणार होते तेव्हा तुम्ही विशेषांक काढायचं ठरवलंत. सत्काराला मंचावर जाऊन पहिला अंक त्यांच्या हातात द्यायचा. मला म्हणालात, "मला गायला नको बसवायला, रे. येत्या रामनवमीला एकदा मागे बसू दिलं की झालं." असं काही मागताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं. त्याच आठवड्यात तंबोऱ्याची खोळ निघाली. नव्या तारा चढल्या. मी मुद्रितांत डोकं खुपसून बसायचो आणि तुम्ही जवारी लावत बसायच्यात. खालच्या ठोकाठोकीत तो षड्ज कधी ऐकू यायचा, कधी यायचा नाही.

फोटो तुम्हीच ट्रंकेतून काढलात. हाच, उत्सवातला. बाकीचे सगळे सत्काराचे, हारात बुडालेले, या एकाच फोटोत ते गात होते. पण चेहरा डावीकडे, आणि मागे तुम्ही. मी म्हणालो, बाई, राहू द्या ना, तुम्हीही आहात यात. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी चौथी विभक्ती चुकलो. "नियम माझ्यासाठी वेगळा का? काप मला." मी कात्रीनं तुम्हाला कापलं. तंबोऱ्याचा भोपळा, दांडी, तुमची वाकलेली मान, सगळं एका पट्टीत निघून आलं. तुम्ही ती पट्टी केराच्या टोपलीत टाकलीत. उरलेल्या फोटोच्या पाठीवर, कडेला, मी पेन्सिलीनं लिहिलं, 'उलटा घेणे', आणि एक बाण काढला.

प्रूफ आलं ते तुम्ही उजेडात धरलंत. मी शेजारी उभा. नावाला डोकं लागत नाही, बघितलं. ओठ मिटत आलेले, बघितलं. चेहरा उजवीकडे, बघितलं. मग तुमचं बोट कडेवर थांबलं. बुवांच्या पाठीशी एक पांढरट फुगवटा उरला होता, लुगड्यातला तुमचा गुडघा. "हा काढ," म्हणालात. मी मूळ फोटोतून बोटभर पट्टी आणखी कापली. बस्स. आपण दोघांनी मिळून सगळे नियम तपासले आणि जे डोळ्यांसमोर आडवं पडलं होतं ते काही पाहिलं नाही. मी, ज्यानं मुंजीपासून संध्या केली, धर्मशास्त्राचा पेपर दिला, वडिलांच्या वर्षश्राद्धाला स्वतः जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, त्या मला ते दिसलं नाही. गाणाऱ्याच्या हातात काही नसतं खरं. पण खांद्यावर असतं.

सत्काराचा दिवस मला अजून तुकड्यातुकड्यांत दिसतो. तुम्ही मोतिया रंगाचं लुगडं नेसल्या आहात. अंकांचा गठ्ठा घेऊन मी तुमच्या मागे आहे. मंचावर खुर्चीत बुवा, शाल एका बाजूला घसरलेली. तुम्ही वाकता, अंक त्यांच्या हातात देता. ते तो दूर धरतात, मग जवळ घेतात. मला वाटतं ते खूश झालेत. ते बोटानं जानव्याची रेघ खांद्यापासून खाली आखतात, सावकाश, आणि आपल्या तिघांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "जानवं अपसव्य आहे. म्हणजे मी इथे तर्पण करतोय." तुम्हाला कळायला एक क्षण लागला, मला तोही लागला नाही. डाव्या खांद्यावरचं जानवं उजव्या खांद्यावर घेतात ते पितरांना पाणी द्यायलाच. भर पंचाहत्तरीच्या मंचावर आपण त्यांना श्राद्धाला बसवलं होतं. मग त्यांचं बोट कागदाच्या कडेशी गेलं, जिथे तुमचा गुडघा होता तिथे. "माझ्यामागे तंबोऱ्यावर एकजण होती. ती दिसत नाही. हे तर्पण तिचंच असेल मग."

तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे, बुवा." नमस्कार केलात आणि उतरलात. मी गठ्ठा घेऊन तुमच्यामागे.

परतताना रस्त्यात तुम्ही एकच विचारलंत. "प्रेसनं उलटवला ना रे?" मी म्हणालो, "हो, बाई." प्रूफ तुम्ही पाहिलं होतंत. उजेडात धरून, माझ्या शेजारी. तेव्हा खरं काय ते तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला एक दार उघडून दिलंत, आणि मी खाली मान घालून त्यातून बाहेर पडलो. पुढच्या अंकात दोन ओळी आल्या, मुद्रणदोषाबद्दल दिलगिरी. प्रेसवाले भाई मराठी वाचायचे. स्वतः जिना चढून आले, टेकले, आणि रागावले नाहीत हेच वाईट. "बेन, मारो दोष मारा ज हाथे छपाव्यो?" न केलेला दोष त्यांनी स्वतःच्याच हातांनी छापला होता. तुम्ही त्यांच्यासाठी चहा मागवलात. मी एका वेलांटीकडे बघत बसलो, ती बरोबर होती. त्यानंतर प्रूफं घेऊन ते कधी वर आले नाहीत, माणूस पाठवायचे.

आणि तुम्ही तंबोऱ्याच्या तारा उतरवल्यात. एकेक करून, खुंट्या सैल करत, मुलीच्या वेण्या सोडाव्यात तशा. खोळ घातलीत. रामनवमीला मंदिरात गेला नाहीत, मला म्हणालात, पुरवणीचं काम आहे. पुरवणी नव्हतीच. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर बुवा गेले. काळ्या चौकटीतलं मुखपृष्ठ तुम्ही एकटीनं केलंत. गेलेल्या माणसाचा फोटो समोर बघणारा घ्यायचा हाही तुमचाच नियम. मी कारण विचारलं तर म्हणालात, "आता कुठे बघायचं ते त्यांचं ते ठरवतील."

बाई, पत्र लिहायला बसलो ते यासाठीच. अन्वय लावायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, साध्या वाक्यालाही मी दोनदा सोडवतो, तुम्ही त्यावरून माझी टिंगल करायच्यात. त्या दिवशी घरी येऊन मी बुवांचं वाक्य सोडवलं. जानव्याचं बोलून झालं होतं, टोमणा मारायचा तर तिथेच पुरा झाला होता. मग त्यांनी कड कशाला चाचपली? चाळिसेक वर्षांपूर्वीचा फोटो, बोटभर कागद कापलेला, आणि त्या म्हाताऱ्याला आठवत होतं की इथे कोण बसलं होतं. त्यांनी तुम्हाला शोधलं, बाई. सापडला नाहीत म्हणून ते वैतागले, आणि वैताग त्यांच्या तोंडून जसा यायचा तसाच आला. तुम्ही पहिलं वाक्य ऐकलंत आणि दुसरं त्याच सुरात लावून घेतलंत. मी पायरीवर उभा होतो, मला दोन्ही नीट ऐकू आली होती.

हे मला कित्येक वर्षांनी कळलेलं नाही. त्याच संध्याकाळी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी जिना चढताना जिभेवर होतं. पण ते सांगायचं तर तो अंक पुन्हा टेबलावर घ्यावा लागला असता, मग उलटा कुणी घेतला हे निघालं असतं, आणि प्रेसनं केलं असं मी कालच म्हणून बसलो होतो. म्हणून विचार केला, उद्या सांगू. तुम्ही तारा उतरवत होतात तेव्हाही वाटलं, आता सांगावं. रामनवमीला वाटलं. दिवाळीपर्यंत बुवा त्याच बाजारात, तीन वळणांवर राहत होते. भाजीवाली रोज सांगत होती, त्यांनी काय नेलं ते.

आता मुखपृष्ठाचं. तुम्ही टोपलीत टाकलेली पट्टी मी त्याच दिवशी उचलली होती, घरी नेऊन अमरकोशात ठेवली होती. बुवांचा भाग प्रेसमधून परत आला तो फाइलीत होता. परवा दोन्ही शेजारी ठेवून बेनकडून स्कॅन करून घेतले. तुमचे सगळे नियम मोडतील असं मुखपृष्ठ झालंय. दोघं पिनांकडे बघतायत. तंबोऱ्याची दांडी मासिकाच्या नावाच्या शेवटच्या अक्षरात घुसलीय. चौकटीत दोन माणसं, वर दोघंही गेलेली, आणि कुणीही समोर बघत नाही. जानवं डाव्या खांद्यावर आहे. दोन तुकड्यांच्या मधे उभी फट दिसते, बोटभर. बेन म्हणाली, ती कॉम्प्युटरवर भरून काढता येईल, कुणाला कळणारही नाही, तेवढी साडी रंगवून टाकू. मी म्हणालो, राहू द्या. तुमच्या शिष्यांनी विचारलं, मधली पट्टी कुठे गेली? मी सांगितलं, ती तेव्हाच केरात गेली, फार वर्षं झाली. त्या हळहळल्या. एकीनं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला, मी त्यांच्या बाईंचा एवढा फोटो जपला म्हणून.

पट्टी इथे आहे, बाई. पत्र लिहिताना कागद हलू नये म्हणून तिच्यावरच पेपरवेट ठेवलाय. एका बाजूला तुमचा गुडघा, लुगड्याच्या काठासकट. दुसऱ्या बाजूला माझं अक्षर, 'उलटा घेणे', आणि बाण. तेव्हा माझं अक्षर चांगलं होतं. ती कुणाला दिली नाही हे खरं, पण यांतल्या कुठल्या बाजूसाठी ठेवून घेतली, ते मघापासून उलटून पालटून बघतोय आणि तुम्हालासुद्धा सांगता येत नाही.